क्वाएट झोन (रेल्वे फाटक)

लोहमार्गाचा असा पट्टा, ज्यातल्या रस्ता-फाटकांवर येताना इंजिनाने नेहमीचा भोंगा वाजवायचा नसतो. ही व्यवस्था मुख्यतः अमेरिकेतली. कॅनडातही फाटकांवरच्या शिटीबंदीची स्वतंत्र प्रक्रिया आहे. ‘शांतता क्षेत्र’ म्हटले की पाटी लावली आणि झाले, असे आपल्याला वाटते. इथे तसे नाही. भोंग्याचे काम दुसऱ्या कशाने तरी होईल याची सोय शहराने आधी करायची, बहुतेकदा स्वतःच्या खर्चाने, आणि मगच भोंगा थांबतो.

अमेरिकेतल्या अनेक गावांच्या मधोमध, रस्त्याच्याच पातळीवर रूळ आहेत आणि त्यांवरून रात्री-अपरात्री मालगाड्या धावतात. फाटकाआधी दोन लांब, एक आखूड आणि पुन्हा एक लांब असा भोंगा द्यावा लागतो. शेवटचा सूर इंजिन फाटकात पोचेपर्यंत ओढायचा. इंजिनापुढे १०० फुटांवर मोजला असता तो ९६ ते ११० डेसिबल भरला पाहिजे. फाटके लागोपाठ असली की एका फाटकाचा सूर संपतो न संपतो तोच पुढच्याचा सुरू होतो आणि रुळांलगतच्या घरांत झोपेचे खोबरे होते. (मोर्स लिपीत हा क्रम म्हणजे ‘क्यू’ हे अक्षर. क्वाएटचे आद्याक्षरही तेच, हा निव्वळ योगायोग.)

नुसत्या बंदीने काय होते, हे फ्लोरिडात दिसले. तिथे १९८४ च्या कायद्यानंतर फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेच्या अनेक फाटकांवर रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद झाला. त्या फाटकांवर रात्रीच्या टकरींचे प्रमाण १९५ टक्क्यांनी वाढल्याचे फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशन या अमेरिकी सरकारच्या रेल्वे-सुरक्षा खात्याच्या पाहणीत आढळले. १९९१ मध्ये तातडीचा आदेश काढून भोंगे पुन्हा सुरू करावे लागले. १९९४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने देशभरासाठी नियम करायला सांगितले. ते प्रत्यक्षात यायला २००५ चा जून उजाडला. या नियमानुसार भोंगा फाटकाआधी किमान १५ आणि कमाल २० सेकंद सुरू व्हावा. ताशी ६० मैलांहून वेगवान गाडीनेही पाव मैलाच्या आत आल्यावरच तो द्यावा. पूर्वी वेळेऐवजी ठरलेल्या अंतरावरून भोंगा सुरू होई, त्यामुळे संथ मालगाडीचा आवाज उगाच लांबत असे. आता सेकंद मोजल्यामुळे क्वाएट झोन नसलेल्या गावांनाही थोडा दिलासा मिळाला. शिकागो परिसरातल्या जुन्या भोंगाबंद फाटकांना मात्र नियमातून वगळले आहे.

क्वाएट झोन किमान अर्धा मैल लांब हवा आणि त्यातल्या प्रत्येक सार्वजनिक फाटकावर लुकलुकणारे दिवे व आपोआप पडणारे दांडे हवेत. पण तेवढे सहसा पुरत नाही. साधा दांडा येणाऱ्या बाजूची अर्धीच वाट अडवतो. उतावीळ चालक उलट्या मार्गिकेत शिरतो आणि दोन दांड्यांमधून नागमोडी गाडी काढतो. सगळे डावपेच या एका वळणावर बेतलेले आहेत. दांड्यापासून १०० फूट लांबीचा दुभाजक घातला की वळायला जागाच उरत नाही. चारी बाजूंना दांडे बसवले तर बाहेर पडण्याच्या बाजूचे दांडे जरा उशिरा पाडता येतात, म्हणजे रुळांवरची मोटार आत अडकत नाही. रस्ता एकेरी करणे किंवा फाटक कायमचे बंद करणे हेही मार्ग आहेत. शेवटचा सर्वांत स्वस्त, पण पलीकडे राहणाऱ्यांना क्वचितच रुचतो. भोंगा इंजिनावरून काढून फाटकाच्या खांबावर, रस्त्याच्या दिशेने तोंड करूनही बसवता येतो. आवाज होतोच, पण मोटारचालकांपुरता; तो भोंगा चालू असल्याची खूण इंजिनचालकाला दिव्यावरून कळते.

प्रत्येक फाटकावर असे मान्य उपाय नसले, तरी पूर्ण पट्ट्याच्या धोक्याचा सरासरी अंक ठरलेल्या मर्यादेत बसला तर चालते. हिशेब सोयीचा आहे, मात्र त्यात एखादे कच्चे फाटक शेजारच्या पक्क्या फाटकांच्या जिवावर पास होऊ शकते.

झोन झाला तरी फाटकावरची घंटा वाजतेच, आणि रुळांवर माणूस, जनावर किंवा मोटार दिसली तर इंजिनचालक भोंगा देऊ शकतो. रस्त्यावर ‘इथे गाडी भोंगा देत नाही’ अशा अर्थाची पाटी लावणे सक्तीचे आहे. फ्लोरिडा ईस्ट कोस्टच्याच मार्गावर २०१८ पासून ब्राइटलाइनच्या प्रवासी गाड्या धावू लागल्या, तेव्हा दक्षिण फ्लोरिडातल्या शहरांनी या वेळी दांडे-दुभाजक सुधारून असे झोन मिळवले.

भारतात असा झोन नाही. महाराष्ट्रात रुळांकडेला दिसणारी ‘सी/फा’ ही पिवळी पाटी म्हणजे ‘सीटी, फाटक’. ती पाहून लोको पायलट शिटी देतो. इथला भर फाटकच काढण्यावर आहे. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी २०१९ पर्यंत हटवली गेली. पहाऱ्याच्या फाटकांजागीही उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग होत आहेत, आणि फाटक गेले की ती पाटीही उपटली जाते.