दैनंदिन ध्यान : आरंभीचा सराव

रोज ठरावीक वेळी शांत बसून श्वासासारख्या एखाद्या साध्या आलंबनावर लक्ष ठेवणे आणि ते सुटले की परत तिथेच आणणे, अशा सरावाला सर्वसाधारणपणे ध्यानाचा प्रारंभिक अभ्यास मानतात. पतंजलीच्या योगसूत्रांत ध्यान हे आठ अंगांपैकी सातवे अंग आहे. त्याआधीची पायरी धारणेची, म्हणजे चित्त एका ठिकाणी बांधण्याची. या काटेकोर मोजमापाने नवशिका पहिले कित्येक महिने धारणेचाच प्रयत्न करत असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही.

बैठकीचे फार अवडंबर नको. मांडी घालून किंवा खुर्चीत पाय जमिनीवर टेकवून बसावे. पाठ सरळ असावी, पण ताठर नको. आडवे पडून सराव करता येतो, मात्र त्यात बहुधा झोप लागते. डोळे मिटावेत किंवा नजर खाली स्थिर ठेवावी. सुरुवातीला पाच ते दहा मिनिटे पुरतात. वेळेसाठी गजर लावलेला बरा, नाहीतर अर्धे लक्ष घड्याळाकडेच राहते.

नाकपुड्यांशी किंवा पोटाच्या हालचालीत, जिथे श्वास स्पष्ट जाणवेल तिथे लक्ष ठेवायचे. प्राणायामात श्वासाचे नियमन असते. बौद्ध परंपरेतल्या आनापानसतीत श्वास लांब असो वा आखूड, तो जसा आहे तसा केवळ जाणायचा असतो. झेन परंपरेत नवशिक्यांना 1 ते 10 श्वास मोजायला सांगतात. मोजणी चुकली की पुन्हा 1 पासून.

आणि ती चुकतेच. ‘माझे मन लागत नाही’ म्हणून सराव सोडणारे इथेच फसतात. 2010 साली किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारले, तेव्हा सुमारे 47 टक्के वेळा त्यांचे मन हातातल्या कामाबाहेर आढळले. भरकटणे हा मनाचा रोजचा व्यवहारच आहे. ध्यानाला बसल्यावर तो फक्त नजरेस पडतो. चंचल मन जिथे जिथे जाईल तिथून त्याला आवरून परत आणावे, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. सरावाचा गाभा या परत आणण्यात आहे. दहा मिनिटांत पन्नास वेळा मन गेले आणि पन्नास वेळा ते लक्षात येऊन परत आणले, तर ती बैठक वाया गेली असे म्हणता येणार नाही. स्वतःवर चिडणे मात्र टाळावे, कारण ती चीडही एक नवा विचारच असते.

अभ्यास दीर्घकाळ, अखंड आणि आदरपूर्वक केला तर दृढ होतो, असे पतंजली म्हणतो. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे या अटीला अधिक उतरतात. दात घासण्यासारख्या ठरलेल्या कामाला जोडून बसले, की वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

वैद्यकीय क्षेत्रात जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या उपक्रमातून आठ आठवड्यांचा सजगता (माइंडफुलनेस) अभ्यासक्रम रूढ झाला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 47 चाचण्यांच्या आढाव्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानामुळे माफक सुधारणा दिसली. व्यायाम किंवा औषधे यांच्यापेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. सर्व व्याधींवर ध्यान सुचवणाऱ्या जाहिराती या मर्यादेत वाचाव्यात. तीव्र मानसिक आघात किंवा मनोविकाराचा इतिहास असलेल्यांना डोळे मिटून बसल्यावर अस्वस्थता वाढल्याचा अनुभव येऊ शकतो. त्यांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून सुरुवात करावी आणि त्रास वाढल्यास बैठक तिथेच थांबवावी.