पिन आणि लॉक: पोस्टग्रेसमध्ये ‘बफर धरलाय’ म्हणजे नक्की काय धरलंय?

पुण्यात बाणेर-हिंजवडीकडे डेटाबेसवर काम करणारी मंडळी भरपूर आहेत, आणि आता कॉलेजातली पोरंपोरीसुद्धा पोस्टग्रेस या डेटाबेसचा सोर्स कोड उघडून बसतात, फार छान वाटतं. पण बफर मॅनेजरपाशी, म्हणजे डिस्कवरची पानं मेमरीतल्या जागांमध्ये (बफरमध्ये) आणून ठेवणाऱ्या भागापाशी, आले की बहुतेक जण एकाच जागी अडकतात, पिन आणि लॉक. याचं खापर मी वाचणाऱ्यावर फोडणार नाही. टीमच्या पॅचमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये फंक्शनच्या डोक्यावर कमेंट असते, "कॉलरने बफर धरलेला असावा". कॉलर म्हणजे ते फंक्शन बोलावणारा कोड. आता धरलेला म्हणजे पिन केलेला की लॉक केलेला? लिहिणाऱ्याला ते माहीत होतं म्हणून त्याने लिहिलं नाही, आणि वाचणारा आपल्या समजुतीने काहीतरी एक धरून चालतो.

आधी पिन बघू. पोस्टग्रेसचं एक पान डीफॉल्टला ८ केबीचं, शेअर्ड बफर्स, म्हणजे पानांसाठी राखलेली सामाईक मेमरी, डीफॉल्टला १२८ एमबी, म्हणजे मेमरीत एका वेळी १६,३८४ पानं मावतात. जागा संपली की एखादं जुनं पान काढून तिथे नवीन आणावं लागतं, आणि पिन एवढंच सांगते की हे पान मी वापरतोय, याला इथून हलवू नका. पिन म्हणजे नुसता काउंट. रीडबफर केलं की तो एकने वाढतो, रिलीजबफर केलं की कमी होतो, आणि कोणाचीही पिन शिल्लक असेपर्यंत त्या जागी दुसरं पान येत नाही. पानावर काय लिहिलंय, ते कोण बदलतंय, याच्याशी पिनचा संबंध नाही. ती बराच वेळ ठेवली तरी चालते, फक्त ट्रान्झॅक्शनच्या पलीकडे नेता येत नाही.

लॉक त्याच्या अगदी उलट, तो पानावरच्या मजकुरासाठी असतो. लॉकबफर म्हणायचं, शेअर किंवा एक्सक्लुझिव्ह सांगायचं, आणि काम झालं की लगेच सोडायचा. हा आतून हलका लॉक आहे, टेबलाच्या लॉकसारखा डेडलॉक (दोघं एकमेकांसाठी अडकून बसणं) शोधणारा पहारेकरी याच्यामागे नसतो, त्यामुळे दोन पानं एकदम लॉक करायची वेळ आली तर क्रम पाळावाच लागतो. हीपमध्ये, म्हणजे टेबलाच्या मुख्य डेटात, कमी ब्लॉक नंबरचं पान आधी लॉक होतं ते त्यामुळेच. आणि महत्त्वाचं म्हणजे लॉक घ्यायच्या आधी पिन हातात पाहिजेच. नुसती पिन असू शकते, नुसता लॉक नाही.

सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेतला फळा डोळ्यासमोर आणा. चार जण समोर उभे राहून उतरवून घेतायत, तोवर फळा तिथून कोणी नेणार नाही, ही पिन. खडू एका वेळी एकाच्याच हातात, हा एक्सक्लुझिव्ह लॉक. खडूवाला खालच्या रिकाम्या जागेत नवीन ओळ लिहू शकतो, एखाद्या ओळीवर रद्दची खूण करू शकतो, उतरवणाऱ्यांचं काही बिघडत नाही. पण ओळी पुसून उरलेल्या वर सरकवायच्या असतील तर खडू असून भागत नाही, समोर दुसरं कोणी उभं नसावं लागतं.

हाच तिसरा प्रकार, क्लीनअप लॉक. एक्सक्लुझिव्ह लॉक आणि शिवाय पिनचा काउंट बरोब्बर एक, म्हणजे फक्त माझी स्वतःची पिन. पानावरचे मेलेले टपल, म्हणजे आता कोणालाच न लागणाऱ्या ओळी, खरोखर काढून टाकायचे, जागा सरकवून मोकळी करायची, तर हे लागतं. कारण नियमच असा आहे की टपल बघताना लॉक लागतो, पण एकदा तो आपल्या कामाचा आहे हे ठरलं की लॉक सोडून नुसत्या पिनवर त्याचा डेटा वाचत राहता येतं. लॉक सुटल्यावरसुद्धा कोणीतरी तिथे वाचत असू शकतं, म्हणून व्हॅक्यूमला, म्हणजे ही सफाई करणाऱ्या कमांडला, पिन मोजाव्या लागतात.

हे स्वतः करून बघा. एका सेशनमध्ये ट्रान्झॅक्शन उघडून कर्सर (क्वेरीचा निकाल थोडा थोडा घ्यायची सोय) डिक्लेअर करा, एकच ओळ फेच करा आणि तसंच सोडून द्या. त्या सेशनकडे पानाचा लॉक नाहीये, फक्त पिन आहे. आता दुसऱ्या सेशनमधून व्हॅक्यूम चालवलं तर त्या एका पानाचा क्लीनअप लॉक त्याला मिळत नाही. साधं व्हॅक्यूम असेल तर ते थांबत नाही, त्या पानाची पूर्ण सफाई टाळून पुढे जातं, ही सोय २०१२ च्या ९.२ मध्ये आली. फ्रीझ करणं (ओळींवर कायमच्या जुन्या अशी खूण करणं) भागच असेल तेव्हा मात्र वाट बघत बसतं, आणि पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत (कोणतं सेशन काय करतंय ते दाखवणाऱ्या व्ह्यूत) वेट इव्हेंट ‘बफरपिन’ दिसतो. पानाच्या लॉकसाठी थांबलं असतं तर ‘बफरकंटेंट’ दिसला असता. स्टँडबायवर, म्हणजे मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरवर, याच पिनमुळे क्वेरी कॅन्सलही होते, आणि तिथला मेसेज स्पष्ट आहे, युजरने शेअर्ड बफरची पिन फार वेळ धरून ठेवली होती. तिथे लॉक शोधत बसलात तर रात्र जाईल आणि सापडणार काहीच नाही.

आता कमेंटकडे येऊ. पोस्टग्रेसमध्येच चांगले नमुने आहेत. बीट्री इंडेक्सचं _बीटी_गेटबफ बघा, तिथे सरळ लिहिलंय की फंक्शन परत येतं तेव्हा लॉकही लागलेला असतो आणि काउंटही वाढलेला असतो, दोन्ही. हीप_फेचची कमेंट सांगते की टपलचं काम झालं की पिन काढायची जबाबदारी कॉलरची. आणि बफरइजव्हॅलिडवरची टीप तर प्रत्येकाने वाचावी अशी आहे. ते मॅक्रो बरीच वर्षं पिन नसेल तर खोटं म्हणायचं, नंतर ते फक्त बफर नंबर वैध आहे का एवढंच बघू लागलं, आणि टीप लिहिणाऱ्याने स्वच्छ नोंदवलंय की जुनी पद्धत लॉजिकमधल्या चुका झाकत होती. मागे काय होतं, का बदललं, दोन्ही तिथल्या तिथे कळतं.

म्हणून "कॉलरने बफर धरलेला असावा" ही कमेंट मी अशी लिहीन: "कॉलरकडे बफरची पिन आणि एक्सक्लुझिव्ह लॉक असावा. परत येताना लॉक सोडलेला असतो, पिन तशीच राहते, ती कॉलरने सोडावी." एका ओळीच्या जागी दोन झाल्या तर होऊ देत. आणि जमेल तिथे खाली असर्ट (अट खोटी निघाली तर प्रोग्राम तिथेच थांबवणारी तपासणी) टाका, पोस्टग्रेस १७ मध्ये त्यासाठी बफरइजएक्सक्लुझिव्हलॉक्ड आलं, कारण उद्या कोणी कोड बदलला तर कमेंट गप्प बसेल, असर्ट मात्र डेव्हलपमेंट बिल्डमध्ये तिथेच आपटेल. पॅच पाठवताना कमेंटची दुरुस्ती कोडच्या बदलापासून वेगळी ठेवा, म्हणजे तपासणाऱ्याला एकच गोष्ट बघावी लागते, की नवीन वाक्य आत्ताच्या कोडबद्दल खरं आहे का.