चप्पल का निसटते?

परभणीकडचं एखादं सहा वर्षांचं लेकरू छत्रपती संभाजीनगरला केमो घेऊन एसटीने घरी येतं. काही दिवसांनी अंगणात चालताना त्याच्या पायातली चप्पल सारखी निसटायला लागते. आईला वाटतं, अशक्तपणा असेल. तिने त्याला टाचांवर चालायला सांगून बघावं. पाऊल वर उचलतच नसेल, तर त्रास बहुधा नसेचा, म्हणजे मज्जातंतूचा आहे.

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारात सुरुवातीला दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन असतं. हे औषध सदाफुलीतून मिळतं. हो, ऐन मे महिन्यातही आपल्या दारात फुलणाऱ्या सदाफुलीतून! पेशीची विभागणी ज्या सूक्ष्म नळ्यांच्या आधाराने होते, त्या नळ्या हे औषध बनूच देत नाही, म्हणून कर्करोगाची पेशी मरते. पण नसांच्या टोकापर्यंत रसद पोचते तीही अशाच नळ्यांवरून. सगळ्यात लांब नसा पायाच्या, म्हणून पहिला फटका पायाला.

थोडा त्रास डॉक्टरांनी धरलेलाच असतो. तो अचानक वाढतो, तेव्हा सोबतची औषधं बघावी लागतात. केमोने पांढऱ्या पेशी घटल्या की धुळीतली, कुजक्या कडब्यातली बुरशी फुप्फुसात शिरू शकते. तिला रोखायला इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल अशी औषधं देतात. ती जीव वाचवतात. पण यकृतातलं जे एन्झाइम व्हिन्क्रिस्टिनचा निचरा करतं, त्यालाच ती अडवतात. डोस तोच, पण औषध अंगात रेंगाळतं. जबडा दुखतो, चार-चार दिवस शौचाला होत नाही, पोट फुगतं. रक्तातलं सोडियम घसरलं तर झटकेही येतात.

मला जास्त काळजी वाटते ती गजकर्णाची. त्यावर हीच इट्राकोनाझोल गावातल्या मेडिकलवर सहज मिळते आणि केमोच्या फाइलमध्ये तिची नोंदच नसते. पाकिटावर ‘कोनाझोल’ दिसलं, की गोळी देण्याआधी केमोच्या डॉक्टरांना फोन करा. त्यांनीच लिहून दिलेली असेल, तर मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडचं वेगळंच. ते मेंदूतल्या डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाला अडवतं आणि एखाद्या लेकराची मान वाकडी होते, डोळे वर चढतात. घरचे ‘बाहेरचं झालं’ म्हणून अंगारा लावायला धावतात. लेकरू तर पूर्ण शुद्धीवर असतं, सगळं ऐकत असतं, घाबरलेलं असतं. दवाखान्यात प्रोमेथाझिनसारखं इंजेक्शन दिलं, की बहुधा अर्ध्या तासात मान सरळ होते.