डिजिटल छायाचित्र संपादन

डिजिटल छायाचित्र संपादन : कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने टिपलेल्या छायाचित्रातील उजेड, रंग, चौकट आणि बारकावे संगणकीय साधनांनी दुरुस्त करण्याची क्रिया. बोलण्यात तिला सरसकट ‘फोटो एडिट करणे’ म्हणतात. जुन्या स्टुडिओवाल्यांच्या तोंडी ‘टचिंग’ हा शब्द अजून आहे. नवशिक्याला संपादन म्हणजे फिल्टर वाटतो. पण फिल्टर हा दुसऱ्याच्या मापाने शिवलेला सदरा. कधी चुकून बसतो, बहुधा बसत नाही. खरे काम फोटो कोणत्या उजेडात निघाला हे ओळखण्यापासून सुरू होते. उजेड प्रत्येक गावाचा वेगळा, म्हणून येथील उदाहरणे मुंबईची घेतली आहेत.

पूर्वपीठिका : फोटोत फेरफार करण्याची कला संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी एक. पुढे स्टुडिओंमध्ये निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग झाकणे आणि कृष्णधवल फोटोवर हाताने रंग भरणे हे रोजचे काम झाले. डार्करूममध्ये कागदाच्या एखाद्या भागावरचा प्रकाश हाताने अडवला की तो भाग उजळ येई, जास्त वेळ पडू दिला की गडद. आजच्या सॉफ्टवेअरमधील ‘डॉज’ आणि ‘बर्न’ ही नावे तिथलीच. कडा धारदार करणाऱ्या ‘अनशार्प मास्क’ या साधनाच्या चमत्कारिक नावाचे मूळही तेच : निगेटिव्हला तिचीच एक धूसर प्रत जोडून छापले की कडा जास्त ठसठशीत दिसत.

अमेरिकेत रसेल किर्श यांनी १९५७ मध्ये आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात घातला. त्याची चौकट १७६ × १७६ बिंदूंची होती. थॉमस आणि जॉन नोल या भावांनी तयार केलेल्या फोटोशॉपची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आली. मोफत मिळणारे गिंप १९९६ मध्ये, लाइटरूम २००७ मध्ये आणि पुढे मोबाइलवर लोकप्रिय झालेले स्नॅपसीड २०११ मध्ये आले. शिकण्यासाठी यांपैकी कोणतेही चालते. साधन बदलले तरी सरकपट्ट्यांची नावे थोड्याफार फरकाने तीच राहतात.

मूळ फाइल : जेपेग म्हणजे नेहमीच्या, दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, १२ बिट असल्यास ४,०९६ आणि १४ बिट असल्यास १६,३८४. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, फरक ओढाताण केल्यावर कळतो. जेपेगमधले संध्याकाळचे आकाश फार ताणले की सलग छटेऐवजी पट्टे उमटतात. रॉ बराच ताण सोसते. तरीही नवशिक्याने पहिल्याच दिवशी रॉच्या मागे लागू नये. आधी जेपेगवर हात बसू द्यावा.

मात्र मूळ फाइलवर कधीच काम करू नये, आधी प्रत काढावी. जेपेग दर वेळी बदलून साठवली की थोडी झिजते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेले चित्र तर आधीच लहान आणि दाबलेले असते. संपादनासाठी हवे असल्यास पाठवणाऱ्याला ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. मोबाइलच्या कॅमेऱ्याबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बटण दाबल्यावर फोन स्वतःच फोटो उजळतो, कडा धारदार करतो, कमी उजेडात उमटणारे ठिपक्यांसारखे दाणे पुसतो. आपल्यापर्यंत पोचलेला फोटो एकदा संपादित झालेलाच असतो, आणि त्यावर पुन्हा तेच उपचार केले की चेहरा प्लॅस्टिकचा दिसू लागतो.

उजेड : मुंबईच्या चौपाट्या पश्चिमेला तोंड करून आहेत. गिरगाव, दादर, जुहू, कुठेही संध्याकाळी समुद्र पाठीशी घेऊन उभे राहा, सूर्य मागे आणि चेहरा अंधारात. गेटवे ऑफ इंडिया मात्र पूर्वेकडच्या बंदराकडे पाहते, त्यामुळे तिथे समुद्र पार्श्वभूमीला घेतला की हाच घोटाळा सकाळी होतो. असा फोटो हाती आला की नवशिक्या एक्सपोजरची, म्हणजे सगळा फोटो एकदम उजळणारी पट्टी उजवीकडे ओढतो. चेहरा दिसतो खरा, पण आकाश पांढरेफटक होते. ज्यासाठी चौपाटीवर गेलो तो सूर्यास्तच जातो. इथे एक्सपोजरला हात न लावता ‘शॅडोज’ (काळोखे भाग) वाढवावे आणि ‘हायलाइट्स’ (उजळ भाग) थोडे उतरवावे. त्याने भागले नाही तर फक्त चेहरा निवडून उजळावा. स्नॅपसीडमध्ये त्यासाठी ‘सिलेक्टिव्ह’ हे साधन आहे. सावली फार उचलली की काळोखात दडलेले रंगीत दाणे वर येतात. ते दिसू लागले की थोडे मागे यावे.

डोळा फसतो, म्हणून हिस्टोग्राम पाहण्याची सवय लावावी. हा एक साधा आलेख आहे : डावे टोक शून्य म्हणजे काळे, उजवे टोक २५५ म्हणजे पांढरे, आणि जिथे उंची जास्त तिथे तेवढ्या उजेडाचे बिंदू जास्त. आलेख उजव्या भिंतीला चिकटून उभा चढला असेल तर तिथला तपशील जळाला आहे. जेपेगमध्ये तो कुठलीही पट्टी परत आणू शकत नाही.

जुलैतल्या भरून आलेल्या दुपारी काढलेल्या फोटोचा आलेख मधोमध साचलेल्या ढिगाऱ्यासारखा दिसतो, दोन्ही टोके रिकामी. ‘व्हाइट्स’ (सर्वांत उजळ टोक) आणि ‘ब्लॅक्स’ (सर्वांत गडद टोक) हलवून तो दोन्हीकडे पसरवला की फोटोत जीव येतो, असे जवळपास प्रत्येक धडा सांगतो. हा सल्ला अर्धाच खरा आहे. पावसाळी फोटो टोकापर्यंत ताणला की त्यातला पाऊसच निघून जातो. वरळीच्या समुद्रावरचा करडा पडदा हा दोष नसून तोच फोटोचा विषय असतो. याउलट हिवाळी सकाळच्या धुरकट हवेत हरवलेला वांद्रे-वरळी सागरी सेतू धुरकटपणा कापणाऱ्या ‘डीहेझ’ने थोडा पुढे आणायला हरकत नाही. थोडाच. जास्त केले तर आकाश मळकट निळे पडते आणि सेतूच्या तारांभोवती पांढरी किनार उमटते.

कॅमेऱ्याचे उजेड मोजण्याचे गणित समोरचे दृश्य सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. त्यामुळे ताटभर उकडीचे मोदक फोटोत करडे येतात आणि काळ्या पाषाणातली विठ्ठलमूर्ती राखी. मोदकांसाठी एक्सपोजर वाढवावे, मूर्तीसाठी कमी करावे. मूर्तीच्या फोटोत मात्र लोक नेमके उलटे करतात. तपशील दिसावा म्हणून सावल्या उचलतात आणि सावळ्या विठ्ठलाला सिमेंटचा करून ठेवतात.

रंग : पहिली दुरुस्ती व्हाइट बॅलन्सची, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंगांचा तोल साधण्याची. प्रकाशाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात : पिवळा बल्ब साधारण २,७०० ते ३,०००, दुपारचे ऊन ५,५०० च्या आसपास, सावली ७,००० किंवा त्याहून वर. इथे हमखास गोंधळ होतो. बल्बचा प्रकाश पिवळा आणि त्याचा आकडा लहान, मग पट्टी लहान आकड्याकडे नेली की फोटो निळा का होतो? कारण तो आकडा ‘मी कोणत्या उजेडात होतो’ एवढेच सॉफ्टवेअरला सांगतो, आणि सॉफ्टवेअर त्या उजेडाच्या उलट रंग मिसळून तोल साधते. दुसरी पट्टी ‘टिंट’ची, हिरवा आणि गुलाबी यांच्यामधली. ट्यूबलाइटखाली काढलेले चेहरे आजारी, हिरवट दिसतात त्यावर इलाज तिथे आहे.

बहुतेक ॲपमध्ये एक ड्रॉपर असतो; तो करड्या किंवा पांढऱ्या वस्तूवर टेकवला की रंग आपोआप जुळतात. पण पांढरे दिसते ते सगळे पांढरे नसते. तांदळाच्या पिठाच्या उकडीला किंचित ऊब असते, मोदकावर ड्रॉपर टेकवला तर सगळे ताट निळसर होते. शेजारच्या स्टीलच्या वाटीचाही भरवसा नाही, ती समोरच्या केळीच्या पानाचा हिरवा उचलते. साधा पांढरा कागद एका फोटोपुरता ताटाशेजारी ठेवणे, आणि तोच तोल बाकीच्या फोटोंना लावणे, ही सोपी वाट आहे.

चाळीच्या गॅलरीत तिन्हीसांजेला काढलेल्या फोटोत बाहेरचा उजेड निळा आणि खोलीतला पिवळा असतो. दोन्ही एकदम पांढरे करता येत नाहीत. चेहऱ्यावर पडलेला उजेड सांभाळावा, दुसरा जसा आहे तसा राहू द्यावा. तिन्हीसांज वाटते ती त्या निळ्यामुळेच. आपोआप लागणारा व्हाइट बॅलन्सही असाच जपून घ्यावा. १९२४ मध्ये खुल्या झालेल्या गेटवेचा दगड पिवळसर बेसॉल्ट आहे. ऑटोच्या नादात तो पिवळा पुसला तर वास्तू ओळखीची राहत नाही.

काही उजेडांवर मात्र उपाय चालत नाही. मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे काढून २०१५ मध्ये पांढरे एलईडी लावले, तेव्हा क्वीन्स नेकलेसचा रंग गेला म्हणून बराच वाद झाला होता. त्या जुन्या दिव्यांखालचे फोटो कुणी आज दुरुस्त करायला घेतले तर निळी साडी निळी होत नाही. सोडियमच्या प्रकाशात पिवळ्या-नारिंगीपलीकडचे रंग नावापुरतेच असतात; जे कॅमेऱ्यापर्यंत आलेच नाही ते पट्टी कुठून आणणार? असा फोटो पिवळाच ठेवावा किंवा सरळ कृष्णधवल करावा.

रंग गडद करण्यासाठी ‘सॅच्युरेशन’ आणि ‘व्हायब्रन्स’ अशा दोन पट्ट्या असतात. पहिली सगळ्या रंगांना सारखीच ढकलते. दुसरी फिक्या रंगांना जास्त आणि आधीच भडक असलेल्यांना कमी, शिवाय त्वचेला सांभाळून. घाई असेल तर दुसरीच घ्यावी. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलालाने माखलेले चेहरे किंवा लाल जास्वंदीचा हार टिपला की लाल वाहिनी, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा वाटा, आधीच काठोकाठ भरलेली असते. त्यावर सॅच्युरेशन वाढवले की पाकळ्यांच्या घड्या नाहीशा होऊन लाल रंगाचा नुसता थर उरतो. अशा वेळी लाल थोडा उतरवून त्याची उजळता कमी केली तर घड्या पुन्हा दिसू लागतात.

घरबसल्या साड्या विकणाऱ्यांना रंगाची ही शिस्त पैशांत मोजावी लागते. पैठणीत ताणा आणि बाणा (उभे आणि आडवे धागे) वेगळ्या रंगाचे असले की पदर हलवताना छटा बदलते. एका फोटोत ती येत नाही. दोन कोनांतून दोन फोटो द्यावेत. ‘फोटोत वेगळी होती’ म्हणून परत आलेल्या साडीपेक्षा ते स्वस्त पडते.

चौकट : क्षितिज सरळ करणे हे अर्ध्या मिनिटाचे काम, आणि समुद्राच्या फोटोत ते न करणे अक्षम्य. उंच इमारतीकडे मान वर करून फोटो काढला की तिच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. ‘पर्स्पेक्टिव्ह’ने त्या उभ्या करता येतात, पण राजाबाई टॉवर पूर्ण काटकोनात आणला तर तो वरून जड दिसू लागतो. किंचित झुकाव डोळ्याला खराच वाटतो. कातरण्याविषयी एवढेच, की कातरलेला भाग म्हणजे गेलेले पिक्सेल; मोठी प्रिंट हवी असेल तर हात आखडता ठेवावा.

धार आणि दाणे : शार्पनिंगने हललेला फोटो स्थिर होत नाही, कडेच्या दोन बाजूंमधला उजेड-काळोखाचा फरक वाढून धार असल्याचा भास होतो. ते सर्वांत शेवटी, फोटो शंभर टक्के आकारात पाहून करावे. रात्रीच्या लोकलमध्ये काढलेल्या फोटोतले दाणे पूर्ण पुसण्याचा हट्ट धरू नये.

टचिंग आणि तारतम्य : चेहऱ्यावरची पुटकुळी डाग पुसणाऱ्या ‘हीलिंग’ने काढावी, ती आठवड्याने तशीही जाणारच असते. तीळ, व्रण, सुरकुत्या काढण्याआधी त्या माणसाला विचारावे. स्थळासाठी द्यायच्या फोटोत न विचारता रंग दोन छटा उजळून देण्याची काही स्टुडिओंची जुनी खोड आता ‘ब्युटी मोड’च्या रूपाने प्रत्येक फोनमध्ये शिरली आहे. फोन घेतल्यावर आधी तो बंद करावा. ढगाळ आकाशाच्या जागी निळे चिकटवणेही असेच. वर निळे आकाश, खाली ओला रस्ता आणि कुणाचीच सावली नाही, हे पाहणाऱ्याला नेमके सांगता आले नाही तरी खटकते. बातमीच्या छायाचित्रात तर वस्तू काढणे वा घालणे सर्रास निषिद्ध मानतात. नॅशनल जिऑग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले होते. त्यावरची टीका आजही शिकवली जाते.

पडदा आणि जतन : संपादन करताना फोनचा रात्रीचा पिवळा ‘आय कम्फर्ट’ मोड आणि आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस बंद करावा. लोकलच्या दारात उन्हात उजळलेला फोटो रात्री घरी भडक दिसतो, तो यामुळे. काम झाल्यावर अर्धा तास फोटो मिटून ठेवावा आणि मग मूळ फोटोशेजारी ठेवून पाहावा. बहुतेक वेळा प्रत्येक पट्टी थोडी मागे घ्यावीशी वाटते.

वेबसाठी आणि मोबाइलसाठी एसआरजीबी ही रंगपद्धती निवडावी. ॲडोबी आरजीबीमध्ये साठवलेला फोटो काही ठिकाणी फिका दिसतो. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा नेहमीचा हिशेब : ४ × ६ इंचाच्या प्रिंटला १,२०० × १,८००, ८ × १२ ला २,४०० × ३,६००. पूर्ण अल्बम छापायला देण्याआधी लॅबकडून एकच ४ × ६ काढून घ्यावा, कारण पडदा आतून उजळलेला असतो आणि कागद नसतो. प्रिंट बहुधा किंचित गडद येते. फोटो सार्वजनिक करताना फाइलमध्ये दडलेले ठिकाण काढून टाकावे, विशेषतः तो घरात काढलेला असेल किंवा त्यात लहान मूल असेल तर.