उंदराच्या पोटातलं दुसरं हृदय

रक्तगट तपासताना पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब ठेवतात आणि एकावर निळा, दुसऱ्यावर पिवळा द्रव सोडतात. काडीने ढवळून टाइल जराशी डुलवली की मिनिटभरात निकाल दिसतो. निळ्यातलं रक्त एकजीव राहिलं आणि पिवळ्यातलं नासलेल्या दुधासारखं फुटून रवाळ झालं, तर गट बी. निळ्या द्रवात ए विरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) असतात, पिवळ्यात बी विरुद्धची. टाइलवर हा सगळा प्रकार निरुपद्रवी असतो. हीच गाठ नव्या बसवलेल्या किडनीत पडली, तर मात्र ती किडनी ऑपरेशन टेबलावरच काळीनिळी पडू शकते. ए आणि बी या खुणा फक्त तांबड्या पेशींवर नसतात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही असतात. (पॉझिटिव्ह-निगेटिव्हची खूण तिथे नसते, म्हणून किडनी देताना-घेताना तिची फारशी चिंता करत नाहीत.)

ही खूण म्हणजे साखर. पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाच्या पायाभूत रचनेला ‘एच’ म्हणतात. बी गटाच्या माणसात या एचवर गॅलॅक्टोजचा एक जादा रेणू चढतो, ए गटात त्याचाच थोडा वेगळा भाऊबंद, आणि ओ गटात काहीच चढत नाही. रेणू चढवायचं काम एका एन्झाइमचं. ए आणि बी यांच्या एन्झाइममध्ये फरक आहे तो फक्त चार अमिनो आम्लांचा, हे १९९० साली समजलं. ओ गटात बहुधा त्या जनुकातलं एकच अक्षर गळालेलं असतं, आणि तेवढ्याने पुढचं सगळं वाक्य निरर्थक होतं. काही थोड्या लोकांत तर पायाभूत एचच नसतो. अशी माणसं १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत सापडली, म्हणून तो ‘बॉम्बे’ रक्तगट. त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही.

लँडस्टायनरने १९०१ साली व्हिएन्नात हे गट मांडले, तेव्हापासून एक कोडं होतं. गोवराची प्रतिपिंडं गोवर किंवा त्याची लस भेटल्यावर तयार होतात. मग ज्याने आयुष्यात कुणाचं रक्त घेतलेलं नाही, त्याच्या अंगात बी विरुद्धची प्रतिपिंडं येतात कुठून? उत्तर मिळालं कोंबडीच्या पिल्लांकडून. १९५९ मध्ये स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नेहमीसारखी वाढलेली पिल्लं बी विरुद्ध प्रतिपिंडं बनवतात, पण पूर्ण जंतुविरहित पेटीत वाढलेली बनवत नाहीत. आतड्यातल्या काही जिवाणूंच्या अंगावर बी सारखीच साखर असते. आपण लढायला शिकतो ते त्यांच्याशी, आणि मार बसतो परक्या किडनीला.

आता उंदीर. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या तांबड्या पेशींवर ए-बी नसतात, मग रक्तगटांचं भांडण त्याच्यात अभ्यासायचं कसं? इथे बी ची एक सख्खी चुलतबहीण कामाला आली: अल्फा-गॅल. तिच्याही टोकाला तसाच जोडलेला गॅलॅक्टोज असतो, फक्त बी मध्ये शेजारी असणारा फ्युकोज नावाचा रेणू नसतो. उंदीर, डुक्कर, गाय यांच्या पेशींवर ती भरपूर सापडते. माणूस, वानरं आणि आफ्रिका-आशियातली माकडं यांच्या पूर्वजांनी मात्र ती कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावली. ती नाही म्हणून आपण तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतो, आणि थोडीथोडकी नाही: रक्तातल्या आयजीजी या मुख्य प्रकारच्या प्रतिपिंडांपैकी सुमारे १ टक्का. डुकराची किडनी माणसाला बसवण्यातला पहिला मोठा अडसर हाच होता.

१९९५ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी उंदरातलं अल्फा-गॅल बनवणाऱ्या एन्झाइमचं जनुकच निकामी केलं. म्हणजे हा उंदीर साखरेच्या बाबतीत आपल्या रांगेत आला. सोयीची गोष्ट अशी, की त्याच वंशाचा साधा उंदीर आणि हा, यांच्यात फरक उरतो तो जवळपास त्या एका साखरेचाच. साध्याचं हृदय याला बसवलं आणि ते नाकारलं गेलं, तर दोष कुणाचा यावर वाद घालायला नको.

हे हृदय बसवतात ते छातीत नाही, पोटात. उंदराचं स्वतःचं हृदय जागेवर धडधडत राहतं. दुसरं, शेंगदाण्याएवढं, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालून जोडतात. मग रोज उंदीर हातात घ्यायचा, पोटावर बोट ठेवायचं आणि ठोका लागतो का पाहायचं. एवढ्या महागड्या विज्ञानात निकाल वाचायचं यंत्र म्हणजे माणसाचं बोट, याची मला नेहमी गंमत वाटते. अल्फा-गॅल विरुद्धची प्रतिपिंडं भरपूर असलेल्या उंदरात हा ठोका काही मिनिटांत, फार तर काही तासांत थांबतो.

पण ती भरपूर प्रतिपिंडं मुळात येणार कशी? स्वच्छ पिंजऱ्यातले हे उंदीर स्प्रिंगरच्या जंतुविरहित पिल्लांच्या वळणावर गेलेले. आपणहून फारशी प्रतिपिंडं बनवत नाहीत. म्हणून त्यांना डुकराच्या किडनीच्या पेशींची आवरणं टोचून चिथवावं लागतं.

आता उलट प्रश्न: ही प्रतिपिंडं बनूच नयेत म्हणून शरीराला ही साखर आपली वाटायला लावता येईल का? त्यासाठी जनुक घालायचा पहिला गाजलेला प्रयोग १९९८ साली ‘सायन्स’मध्ये आला, ब्रेसी, सॅक्स आणि आयाकोमिनी यांचा. त्यांनी निकामी जनुकाच्या उंदरातून अस्थिमज्जा काढली, रेट्रोव्हायरस या विषाणूच्या पाठीवरून तिच्यात अल्फा-गॅलचं चालू जनुक घातलं आणि किरणोत्सर्गाचा मारा केलेल्या उंदरांना ती मज्जा दिली. रक्तपेशींवर साखर दिसू लागली आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं बनायची थांबली. शरीराने ती साखर आपली म्हणून स्वीकारली.

२००४ साली शिकागोत ओगावा, यिन आणि गॅलिली यांनी यातला जड भाग गाळला. मज्जेऐवजी उंदराच्याच लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी घेतल्या, जनुक वाहणाऱ्या ॲडेनोव्हायरससोबत काचपात्रात ठेवल्या आणि साखर उगवल्यावर परत उंदराला टोचल्या. त्यानंतर डुकराची आवरणं टोचूनही प्रतिपिंडं उठली नाहीत. साध्या उंदराचं हृदय पोटात बसवलं तर ते धडधडत राहिलं, आणि तेच हृदय स्वतःची साखर दाखवत राहून सहनशीलता टिकवूही लागलं. पूर्वी चिथवलेल्या, स्मरण ठेवणाऱ्या बी-पेशीही (प्रतिपिंडं बनवतात त्या पेशी; नावातल्या बी चा रक्तगटाशी संबंध नाही) अशा रीतीने गप्प करता आल्या. मला यातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण मोठ्या माणसाच्या अंगात असतात त्या अशाच मुरलेल्या पेशी.

साखर तीच, मग डुकराकडून आली की चवताळणारी बी-पेशी स्वतःच्या लिम्फोसाइटवर पाहून गप्प का बसते? सरकारी बिलाला दोन सह्या लागतात, तसं हे आहे. बी-पेशीची पहिली सही साखर पाहून होते, दुसरी टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोसाइटने करायची असते. टी-पेशीला अशा साखरेशी देणंघेणं नाही, ती प्रथिनांचे तुकडे वाचते. डुकराच्या आवरणात परकी प्रथिनं भरपूर, म्हणून दुसरी सही लगेच मिळते. स्वतःच्या लिम्फोसाइटवरची प्रथिनं ओळखीचीच, तेव्हा सही नाही. बिल अडकतं, आणि अडकून पडलेली बी-पेशी निष्क्रिय होते किंवा मरते.

माणसात याचाच एक नैसर्गिक दाखला आहे. टोरोंटोत लोरी वेस्ट आणि सहकाऱ्यांनी तान्ह्या बाळांना न जुळणाऱ्या गटाची हृदयं बसवली. २००१ साली छापलेल्या दहा बाळांत सर्वांत लहान चार तासांचं होतं, सर्वांत मोठं चौदा महिन्यांचं. बाळांत ही प्रतिपिंडं अजून तयार झालेली नसतात. २००४ मध्ये कळलं, की ही मुलं मोठी होतानाही दात्याच्या साखरेविरुद्ध प्रतिपिंडं बनवत नाहीत.

मोठ्यांना ही सवलत नाही. त्यांच्यासाठी प्लाझ्मा धुऊन प्रतिपिंडं काढतात, बी-पेशींना मारणारं रिटुक्सिमॅब देतात. मेंदुमृत दाते फार कमी मिळतात त्या जपानने १९८९ पासून या वाटेवर मोठा अनुभव गोळा केला. आपल्याकडे २०११ च्या कायदादुरुस्तीने दोन कुटुंबांना दात्यांची अदलाबदल करायची मुभा दिली; नवऱ्याला न जुळणारी बायकोची किडनी दुसऱ्या घरात जाते आणि त्या घरची इकडे येते.

उंदरातली जनुकाची युक्ती रुग्णांपर्यंत आलेली नाही. विषाणूंवरचा विश्वासही मध्यंतरी डळमळला होता: ॲडेनोव्हायरसच्या एका चाचणीत १९९९ साली अमेरिकेत एक तरुण दगावला, आणि २००२ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत रेट्रोव्हायरसमुळे मुलांना रक्ताचा कर्करोग झाल्याचं उघड झालं. दरम्यान काहींनी उलट दिशा धरली. घेणाऱ्याला साखर शिकवण्यापेक्षा अवयवावरचीच साखर खरवडायची. २०२२ मध्ये टोरोंटोच्याच एका गटाने शरीराबाहेर ठेवलेल्या ए गटाच्या फुप्फुसांत आतड्यातल्या जिवाणूची दोन एन्झाइम्स फिरवली, आणि चार तासांत ए ची ९७ टक्क्यांहून जास्त साखर गेली. फुप्फुसाच्या पेशींतलं जनुक मात्र शाबूत असतं, त्यामुळे साखर पुन्हा उगवते.