थायरॉईडची रोजची गोळी

थायरॉईड, म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूची अवटू ग्रंथी, पुरेसे संप्रेरक तयार करेनाशी झाली की ती उणीव लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीने भरून काढतात. भारतात आठ ठिकाणच्या प्रौढांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांत मुंबई आणि गोवाही होते, आणि सुमारे ११ टक्के लोकांत ही उणीव आढळली. त्यामुळे ‘पन्नासची’ किंवा ‘पंचाहत्तरची’ गोळी कोणीतरी घेत नाही असे घर शोधावे लागेल. हे आकडे मायक्रोग्रॅमचे असतात, मिलिग्रॅमचे नव्हे.

‘एकदा सुरू केली की सवय लागते’ ही भीती जवळपास प्रत्येक घरात ऐकू येते. ती निराधार आहे. ग्रंथी जे थायरॉक्सिन (टी४) बनवते, तोच रेणू गोळीत असतो. एडवर्ड केंडॉल यांनी तो १९१४ मध्ये ग्रंथीतून वेगळा काढला आणि १९२७ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार झाला. त्याआधी, १८९१ पासून, मेंढीच्या ग्रंथीचा अर्क वापरत. गोळी बहुतेकांना कायमची लागते, कारण ग्रंथीचे नुकसान सहसा भरून येत नाही. बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येऊन झालेली उणीव मात्र बरेचदा काही महिन्यांत जाते. अशा वेळी गोळी बंद करून पाहायची, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

ग्रंथी जवळपास बंदच पडली असेल, तर पूर्ण मात्रा वजनाच्या दर किलोला सुमारे १.६ मायक्रोग्रॅम धरतात. ६० किलोच्या माणसाला ती साधारण १०० येते. वय झालेल्यांना आणि हृदयविकार असलेल्यांना १२.५ किंवा २५ पासून सुरुवात करून हळूहळू चढवत नेतात, कारण मंदावलेल्या हृदयावर एकदम भार टाकला तर छातीत दुखू शकते किंवा ठोके बिघडू शकतात. हवी ती मात्रा एका गोळीत मिळत नसेल, तर डॉक्टर आठवड्याचा हिशेब बसवतात: पाच दिवस ५०, दोन दिवस ७५.

औषध रक्तात बरेच दिवस टिकते. निम्मे संपायला सुमारे सात दिवस लागतात. नवी मात्रा रक्तात स्थिर व्हायला म्हणूनच सहा आठवडे जातात, आणि टीएसएचची (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक; थायरॉक्सिन कमी पडले की ते वाढते) तपासणीही सहा ते आठ आठवड्यांनीच करायची असते. पंधरा दिवसांत तपासून मात्रा बदलली की आधीच्या बदलाचा परिणाम पूर्ण दिसण्याआधीच दुसरा बदल होतो, आणि आकडा वर-खाली हेलकावे खात राहतो.

खरी घडी बसवायची असते ती सकाळची. रिकाम्या पोटी गोळीतले ७० ते ८० टक्के औषध लहान आतड्यातून शोषले जाते. अन्नासोबत हे प्रमाण घटते. उठल्यावर गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढचा अर्धा तास, शक्यतो एक तास, पोटात दुसरे काही जाऊ देऊ नये. महाराष्ट्रात हा नियम मोडतो तो दुधाच्या चहाने. दूध आणि कॉफी दोन्ही शोषण कमी करतात. मध-लिंबाचे पाणी, भिजवलेली मेथी, च्यवनप्राश हेही त्या तासानंतरच. पहाटे उठून डबा करणाऱ्या बाईला तासभर चहाविना राहणे खरोखर जड जाते. तिने रात्री झोपताना, जेवणानंतर तीन-चार तासांनी गोळी घेतली तरी चालते. मात्र आज सकाळी, उद्या रात्री असे करू नये. उपवास असला तरी गोळी चुकवायची नाही.

टीएसएच वाढलेले दिसले की मात्रा वाढवण्याआधी एवढे विचारावेच: गोळीबरोबर आणखी काय घेता? कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यात बांधून ठेवतात, म्हणून थायरॉईडची गोळी आणि ती यांच्यात चार तासांचे अंतर हवे. थायरॉईडची गोळी सकाळी घेत असल्यास लोहाची दुपारी, कॅल्शियमची रात्री, ही वाटणी सोपी पडते. अॅसिडिटीची पातळ औषधे चार तास लांब ठेवावीत. इसबगोल आणि सोयाबीनही शोषण घटवतात. पित्तासाठी रोज घेतली जाणारी ओमेप्रॅझोलसारखी गोळी पोटातले आम्ल कमी करते. ती नव्याने लागली किंवा सुटली की टीएसएच पुन्हा तपासून घ्यावे.

फरक कशात आधी जाणवतो? थकवा आणि मरगळ दोन-तीन आठवड्यांत उतरू लागते. बद्धकोष्ठता आणि अनियमित पाळी सुधारायला अधिक वेळ जातो. कोरडी त्वचा आणि केस यांना महिने लागतात. सुरुवातीला केस थोडे जास्तच गळाल्यासारखे वाटले म्हणून गोळी सोडणारे लोक असतात. त्यांनी थांबू नये. वजनाची निराशा मात्र अनेकांच्या वाट्याला येते. या आजारात वाढलेले वजन बरेचसे अंगात साठलेल्या क्षारांचे आणि पाण्याचे असते. तेवढेच उतरते, बाकीचे या गोळीने उतरत नाही. धडधड, हात थरथरणे, घाम, झोप उडणे, जुलाब ही लक्षणे मात्रा जास्त झाल्याची असू शकतात. वजन उतरवण्यासाठी मनानेच जास्त गोळ्या घेऊ नयेत. दीर्घकाळ जादा मात्रा घेतल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात, आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात.

तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्यावे आणि मग गोळी घ्यावी, कारण गोळीनंतर काही तास टी४ चढलेले दिसते. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असल्यास किमान दोन दिवस आधी बंद ठेवावे. बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटेच कमी दिसते. दर वेळी शक्यतो तीच प्रयोगशाळा आणि तीच वेळ ठेवावी. गोळीची कंपनी बदलली तर सहा आठवड्यांनी आकडा पाहावा.

गोळी घेतली की नाही, हाच गोंधळ सर्वांत जास्त होतो. घेतल्यावर बाटली उलटी ठेवून रात्री झोपताना सरळ करायची, किंवा कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात टिंब द्यायचे, हे उपाय टिकतात. त्याच दिवशी आठवले तर पोट रिकामे असताना घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवले तर नेहमीची एकच घ्यावी, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही. बाटली ओट्याजवळ किंवा न्हाणीघरात नको. उष्णता, उजेड आणि दमट हवा यांनी औषध कमजोर होते. आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नये, विशेषतः कोकणातल्या पावसाळ्यात.

गरोदरपणात गरज २५ ते ५० टक्क्यांनी वाढते, आणि तीही पहिल्या काही आठवड्यांतच. आधीपासून गोळी चालू असलेल्या स्त्रीने पाळी चुकताच डॉक्टरांना कळवावे. आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, अशी वाढ अमेरिकन थायरॉईड असोसिएशन सुचवते. गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहतात, आणि बाळंतपणानंतर मात्रा पूर्वीवर आणतात.

जन्मतःच ग्रंथी नसलेल्या किंवा काम न करणाऱ्या बाळाच्या बाबतीत घाई लागते, कारण मेंदूची वाढ या संप्रेरकावर अवलंबून असते. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावेत असा प्रयत्न असतो, आणि मात्रा दर किलोला रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम असते. गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून बारीक करायची, थोड्याशा पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवायची आणि लगेच चमच्याने पाजायची. दुधाच्या भरलेल्या बाटलीत टाकली तर बाळ तळाचे दूध सोडते आणि औषध त्यातच राहते.