मांगर

मांगर : दक्षिण कोकणात आणि गोव्यात मुख्य घरापासून वेगळी, परड्यात, मळ्याच्या कडेला किंवा बागायतीत उभी केलेली लाकडी सांगाड्याची, उतरत्या छपराची साधी इमारत. पेंढा, लाकूडफाटा, शेणी, नांगर-जू, सोलायचे नारळ, आंब्याच्या पेट्या, हल्ली पॉवर टिलर आणि गवत कापायचे यंत्र, असे घरात नको असलेले पण घराला लागणारे सगळे मांगरात जाते. मे महिन्यात तिथेच पेंढ्यात आंब्याची आढी लागते. गोठा म्हटला की गुरे आलीच. मांगरात ती असतीलच असे नाही, आणि असली तरी त्यांना एक खण मिळतो, बाकीचे खण सामानाचे. घरधन्याला सुतारकामाचा नाद असेल तर करवत, रंधा, पटाशीही तिथेच टांगलेली असते.

मांगर समजून घ्यायचा तर आधी भिंती विसराव्या लागतात. जांभ्याच्या घरात चिऱ्याची भिंत छपराचे ओझे पेलते. मांगरात ते खांब पेलतात आणि भिंत नुसता आडोसा असते: कुडाची, माडाच्या विणलेल्या झावळ्यांची म्हणजे झापांची, बांबूच्या तट्ट्याची, कमरेएवढ्या चिऱ्यांची, नाहीतर मुळीच नाही. म्हणूनच दोन-तीन शेजारी हाताशी असले की शेतकऱ्याला तो स्वतः उभारता येतो. गवंडी लागत नाही. सुतार लागलाच तर आढे, म्हणजे छपराच्या माथ्याचे आडवे लाकूड, आणि त्यावरून खाली उतरणारे वासे यांच्या जोडापुरता. पूर्वी हे काम पैऱ्याने व्हायचे, म्हणजे आज सगळे माझ्याकडे, पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे. मजुरी दुपारच्या जेवणाची. हंगामही ठरलेला. भात झोडून झाले की सुरुवात, आणि जून उजाडायच्या आत छप्पर पुरे. कोकणात वर्षाला साधारण २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत, त्यामुळे 'उरलेले काम पुढच्या महिन्यात' ही सोय इथे नाही.

लाकूड परड्यातले किंवा वखारीतले. खांबांना ऐन आणि किंजळ चांगले; दोन्ही जड, चिवट आणि ओलीत टिकणारे. ऐन वाळताना तडकतो, म्हणून तो सावलीत, दोन्ही टोकांना शेण किंवा रंग फासून सावकाश वाळवतात. फणसाचे पिवळे लाकूड चौकटी-दारांना वापरतात. आंब्याला कीड लवकर लागते. त्याच्या पेट्या होतात, खांब करू नयेत. साग उत्तम, पण पेंढा ठेवायच्या जागेला साग घालणे ही हौस म्हणायची. जुन्या माडाच्या खोडाचा बाहेरचा भाग कठीण असतो आणि गाभा भुसभुशीत. भेर्ली माडाचेही तसेच. ही खोडे उभी चिरून, गाभा काढून टाकून त्यांचे वासे करतात. पोफळ चिरली की आयत्या रिपा, म्हणजे वाशांवर ठोकायच्या आडव्या पट्ट्या, मिळतात. वखारीत लाकूड घनफुटावर विकले जाते, तेव्हा हिशेब घरीच करून निघावे.

स्वतःच्या जमिनीतले झाड तोडायलाही मोकळीक नाही. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, खैर, जांभूळ ही झाडे आहेत, आणि ती तोडायची तर परवानगी लागते. बांबूची गोष्ट वेगळी. भारतीय वन अधिनियमातल्या 'वृक्ष' या व्याख्येतून २०१७ साली बांबू वगळला गेला आणि खाजगी जमिनीतल्या बांबूच्या तोडणी-वाहतुकीची कटकट बरीच कमी झाली. इमारतीचे म्हणाल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतीच्या उपयोगाच्या इमारतीची व्याख्या आहे. अवजारे, खत, चारा, शेतमाल ठेवायला आणि गुरे बांधायला केलेले बांधकाम तीत बसते. त्यात पर्यटकांच्या खोल्या काढल्या की मात्र ती शेतीची इमारत उरत नाही.

सिंधुदुर्गात वासे म्हणून माणगा हा जवळजवळ भरीव बांबू हमखास वापरला जातो. त्याचा शत्रू वाळवीपेक्षा भुंगेरा. बांबूच्या काठीत साठलेल्या पिष्टावर तो जगतो आणि काठीखाली पिठासारखा भुगा पडायला लागला की समजावे, आत काम चालू आहे. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा असे जुनी माणसे सांगतात. चंद्राचे काहीही असो, त्या सांगण्याला जोडून येणारी दुसरी अट महत्त्वाची आहे: काठी तीन वर्षांपेक्षा जुनी हवी आणि पाऊस सरून नवे कोंब वाढून झालेले हवेत, कारण तेव्हा काठीत पिष्ट कमी असते. मग वाहत्या वहाळात तीन-चार आठवडे दगडाखाली दाबून ठेवले की उरलेले बरेच धुऊन जाते. पाण्याला वास मारतो, शेजारी बोलतात, पण काठी टिकते. हल्ली बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात भिजवतात. हे मीठ पावसात धुऊन जाते, त्यामुळे ते छपराखालच्या बांबूलाच उपयोगी. उघड्या कुंपणाला नाही.

खांब उभे करायच्या दोन रीती आहेत. पहिलीत खांब दोन-अडीच फूट खोल खड्ड्यात गाडतात. वर बेचके असलेला खांब म्हणजे मेढ. बेचक्यात आडवे लाकूड बसते आणि जोड कापावाच लागत नाही. गाडलेला खांब झाडासारखा स्वतःच्या बळावर उभा राहतो, वाऱ्याने हलत नाही. पण तो कुजतो, आणि नेमका जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात कुजतो. त्याच्या खाली हवा कमी, वर लाकूड कोरडे. ओल आणि हवा दोन्ही मिळतात त्या मधल्या जागी. खांबाचे बूड जाळून काळे करणे, डांबर फासणे हे उपाय काही वर्षे वाढवून देतात, एवढेच. दुसऱ्या रीतीत खांब जमिनीच्या वर, जांभ्याच्या किंवा काँक्रीटच्या तळखड्यावर टेकतो. बूड कोरडे राहते. शिवाय वाळवी तळखड्यावरून वर चढू लागली की तिची मातीची नळी डोळ्यांना दिसते आणि झाडूने मोडता येते. गाडलेल्या खांबात ती आतल्या आत चढते. खांबावर हातोडी मारली आणि पोकळ आवाज आला की मग कळते. तळखड्यावरच्या खांबाची अडचण अशी की त्याला आडवा धक्का सोसत नाही. म्हणून खांब आणि त्यावरचे आडवे लाकूड, म्हणजे तुळई, यांच्या कोनात तिरके टेकू मारावेच लागतात. नवखा माणूस नेमके हेच विसरतो, कारण छप्पर चढेपर्यंत टेकूंवाचून काही अडत नाही.

एक साधा मांगर डोळ्यांसमोर आणू: १२ फूट रुंद, १८ फूट लांब, तीन खणी. खण म्हणजे खांबांच्या दोन जोड्यांमधले अंतर, इथे सहा फूट. लांबीच्या दोन्ही बाजूंना चार-चार असे आठ खांब, शिवाय दोन टोकांना आढे पेलणारे दोन उंच खांब. आखणीला सुतळी, खुंट्या आणि टेप पुरतो. कोपऱ्यापासून एका सुतळीवर सहा फुटांवर आणि दुसरीवर आठ फुटांवर खूण करायची. दोन खुणांतले अंतर बरोबर दहा फूट आले की कोपरा काटकोनात. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. या मापाला ते २१ फूट साडेसात इंचांच्या आसपास येतात, पण आकड्यापेक्षा ते एकमेकांना सारखे असणे मोलाचे. चौकट इंचभर फाकलेली असेल तर ते आज जाणवत नाही. कौलांची शेवटची ओळ वेडीवाकडी निघते तेव्हा सगळ्या गावाला दिसते.

खांबाच्या डोक्यावर कूस, म्हणजे जिभेसारखे टोक, काढून ती तुळईच्या खाचेत बसवतात. खाच पाडताना आधी गिरमिटाने ओळीत भोके पाडायची, मग पटाशीने मधले लाकूड उडवायचे. कूस हाताने ढकलून निम्मी जावी आणि उरलेली लाकडी हातोड्याने. सगळी हाताने गेली तर जोड सैल झाला. पाचर मारून भागते, पण सुतार त्या जोडाकडे परत बघत नाही. समोरासमोरच्या खांबांच्या जोड्या आडव्या तुळयांनी बांधल्या जातात, त्या नुसत्या माळ्यासाठी नव्हेत. उतरते वासे खालच्या टोकाला बाहेर फाकू पाहतात आणि खांबांना बाहेर ढकलतात. आडवी तुळई त्यांना आत ओढून धरते. माळ्यावर डोके आपटते म्हणून ती कापून टाकली की दोन-तीन पावसाळ्यांत आढ्याला पोक येतो.

आढ्याला काही गावांत भाल म्हणतात. ते चढवायच्या दिवशी नारळ फोडतात आणि त्या दिवशी माणसेही जास्त लागतात. उतार साधारण ३० अंशांचा धरला तर सहा फुटांच्या आडव्या अंतरात आढे साडेतीन फूट वर जाते. खांब सात फुटी असतील तर आढे जमिनीपासून साडेदहा फुटांवर. वळचण दोन फूट तरी बाहेर हवी. दोन-दोन फुटांवर तीन बाय दोन इंचांचे वासे, म्हणजे अकरा जोड्या. त्यांच्यावर आडव्या रिपा.

रिपांतले अंतर हा या सगळ्यातला नाजूक भाग. मंगलोरी कौलाला ते बहुधा साडेबारा इंच असते, पण 'बहुधा' वर कोणी रिपा ठोकू नयेत. आपल्याच ढिगातली अकरा कौले जमिनीवर एकात एक अडकवायची, पहिल्याच्या खालच्या कडेपासून अकराव्याच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर एकदा घट्ट दाबून आणि एकदा ताणून मोजायचे, आणि सरासरीला दहाने भागायचे. त्या मापाची काठी कापून घेतली की टेप खिशात. वळचणीची पहिली रीप आडवी न ठोकता उभ्या कडेवर ठोकतात, कारण सगळ्यात खालच्या कौलाला खालून दुसऱ्या कौलाचा आधार नसतो आणि ते पुढे झुकते. कौले छपराच्या दोन्ही उतारांवर, म्हणजे पाख्यांवर, बरोबरीने, खालून वर चढवतात; एकच पाखे भरले तर सांगाडा त्या बाजूला कलतो. वरच्या मापाच्या मांगराचे छप्पर वळचणीसकट ३६ चौरस मीटर भरते. चौरस मीटरला १५ कौले धरली तर ५४०, फुटतुटीसह ६०० आणावीत. एकेक कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे सव्वा ते दीड टन कोरडे वजन. पावसात भिजून आणखी.

ही कौले मूळची कोकणातली नव्हेत. बासेल मिशनने मंगळूरजवळ जेप्पूला १८६५ साली कारखाना काढला आणि पुढे ती सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्याआधी घरांवर कुंभाराची अर्धगोल कौले, म्हणजे नळे असत आणि मांगरांवर भाताचा पेंढा, गवत किंवा माडाचे झाप. झापांचे छप्पर दरवर्षी बदलावे लागते, नळे दरवर्षी उतरवून पुन्हा लावावे लागतात. या कामाला शाकारणी म्हणतात आणि मंगलोरी कौलांनीही ती पूर्णपणे सुटलेली नाही; मेच्या शेवटी फुटलेली कौले बदलायला, आढ्यावरची टोपीसारखी कौले, म्हणजे कोने, तपासायला कोणीतरी छपरावर चढतोच. माकडे किंवा मांजरे वर नाचून गेली असली तर काम वाढते.

वजनदार छप्पर वाऱ्यात सुरक्षित, हा समज ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड आणि दापोली-मंडणगड पट्ट्यात मोडून काढला. ताशी १०८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ५५ किलोच्या घरात जातो. छपराच्या कडांना आणि आढ्याजवळ जवळपास तेवढेच वरच्या दिशेने शोषण होते. कौलांचे वजन चौरस मीटरला चाळीस किलोही नाही. कडेचे एक कौल उडाले की वारा आत शिरतो आणि बाकीची खालून उचलतो. उपाय स्वस्त आहे: वळचणीच्या दोन-तीन ओळी आणि दोन्ही टोकांचे पट्टे तांब्याच्या तारेने रिपांना बांधणे, आणि वाऱ्याची, म्हणजे पश्चिमेची बाजू बंद ठेवणे. दार पूर्वेला. पत्र्याचे वजन चौरस मीटरला चार-पाच किलोच, पण तो उडाला तर अख्खा उडतो आणि वाटेत येईल ते कापत जातो. त्याला नुसते खिळे चालत नाहीत, वॉशरचे स्क्रू हवेत. आणि वासे तुळईला, तुळई खांबाला लोखंडी पट्टीने जखडलेली हवी.

कूड कारवीच्या काठ्यांचा, दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपलेला. खाली वीतभर जागा जांभ्याच्या चिऱ्यांची सोडली तर पागोळ्यांचे उडते पाणी मातीला लागत नाही. पागोळ्या पडतात त्या ओळीत चिऱ्याचे तुकडे पसरतात. जमीन चोपून सारवलेली. जिथे यंत्रे ठेवायची त्या खणात आता कोबा.

मुंबईहून निवृत्त होऊन परतलेले चाकरमानी हल्ली मांगर नव्याने बांधतात, पण लोखंडी पाइप आणि रंगीत पत्रा घेऊन. तो आठवडाभरात उभा राहतो, त्याला वाळवी लागत नाही. दुपारी आत बसवत नाही आणि खाऱ्या वाऱ्याने वेल्डिंगच्या जागा गंजतात. काहीजण खांब लोखंडी आणि वरचा सांगाडा लाकडी ठेवून कौले चढवतात, आणि किनाऱ्याला ही तडजोड मानवते. लाकडी मांगर उतरवताना सुतार प्रत्येक जोडावर पटाशीने एक, दोन, तीन रेघा मारून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या जागी तोच सांगाडा त्याच क्रमाने उभा करता येतो. वासे, रिपा, कौले पुन्हा वापरात येतात. आढ्यावरचे कोने चुन्याने किंवा सिमेंटने चिकटवलेले असल्यामुळे काढताना बहुतेक फुटतात; तेवढे नवे आणावे लागतात.